सरांना सांगायचं राहून गेलं

आता विचारलंतच आहे तर सांगतो, पण मध्येच हसायचं नाही. मूर्खपणा सगळेच करतात हो. माझ्या मूर्खपणाने एक चांगला धडधाकट माणूस मेला. तेही दोन मिनिटं मौन पाळून.

बँकेतून रिटायर झाल्यावर मी विश्रांतवाडीतल्या आमच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी झालो. क्लब अगदी खालच्या डिव्हिजनचा. आमच्या कमिटीला दोनच खेळ येतात, कॅरम आणि कोच बदलणं. मॅच हरली, बदला कोच. ड्रॉ झाली, बदला. एकदा तर जिंकल्यावर बदलला, कारण अध्यक्षांना त्याची टोपी आवडली नाही. आणि जाणाऱ्याला सांगायचं कोणी? सेक्रेटरीने.

पुण्याचा माणूस तोंडावर बोलतो म्हणतात ना? मला दूधवाल्याला "उद्या नको" एवढंसुद्धा म्हणता येत नाही.

तर तांबे सरांची पाळी आली. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले, ताठ, मोजकं बोलणारे. मी घाम पुसला आणि म्हणालो, "सर, सध्या तुम्ही फक्त मैदानाकडे बघा. बाकीची दगदग नको." म्हटलं, समजूतदार आहेत, उमगेल.

"ठीक," सर म्हणाले.

कमिटीला कळवलं, काम झालं. पोरांनी विचारलं, "काका, सर कुठे गेले?" त्यांना "काढलं" कसं सांगणार? म्हणालो, "तब्येत जरा बरी नाही त्यांची."

एवढंच बोललो मी. पुढच्या आठवड्यात त्यातला "जरा" गळून पडला. मग सर आयसीयूत गेले. त्यानंतरच्या मॅचला मी उशिरा पोचलो, तर पोरं दंडाला काळ्या फिती लावून रांगेत उभी. मी कॅप्टनच्या कानात विचारलं, "कोण गेलं रे?"

"काका, तांबे सर."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मौन सुरू झालं. खरं सांगू? त्या मौनात मलाच शंका आली. सरांना कित्येक दिवसांत पाहिलंच नव्हतं. खरंच गेले असतील तर? घरी फोन करून विचारू काय, "सर आहेत का?" माझे डोळे भरून आले.

पुढे जे सुरू झालं त्याने अजून अंगावर काटा येतो.

थंडीत आमच्या मैदानावर पहाटे इतकं धुकं उतरतं की या गोलपोस्टपासून तो गोलपोस्ट दिसत नाही. नवा कोच प्रॅक्टिसला आला, तर प्लास्टिकचे कोन आधीच मांडलेले. फक्कीच्या रेषा ताज्या मारलेल्या. त्याला वाटलं पोरांनी केलं, पोरांना वाटलं त्याने केलं. मग एकदा सगळ्यांच्या आधी पोचलेला आमचा गोलकीपर धुक्यातून पळत बाहेर आला. ओठ पांढरे पडलेले.

"काका, आत शिट्टी वाजली. दोन छोट्या, एक लांब."

तशी शिट्टी एकच माणूस वाजवायचा.

तो कोच दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्यानंतरचा आयटीतला तरुण. त्यानेही ती शिट्टी ऐकली आणि म्हणाला, "सॉरी काका, मला घोस्टला रिपोर्ट करायला नाही जमणार."

रविवारी शेवटची मॅच. हरलो तर डिव्हिजन जाणार, आणि आमच्याखाली दुसरी डिव्हिजन नाही. म्हणजे क्लब बंद. कोच कोणी यायला तयार नाही. अध्यक्ष म्हणाले, "सेक्रेटरी, एक तर कोच आणा, नाहीतर मैदानाची शांत करा." मी नारळ घेतला आणि पहाटे एकटाच गेलो.

पायाखालचं गवत ओलं होतं. रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाजसुद्धा आत पोचत नव्हते. आणि वाजली. दोन छोट्या, एक लांब. पाठोपाठ पावलं. एक माणूस वाकून, काहीतरी जमिनीवर ठेवत ठेवत, माझ्याच दिशेने येत होता. माझ्या हातातला नारळ पडला. देवाचं नाव घ्यायला गेलो आणि तोंडातून निघालं, "सर, चूक झाली माझी."

तो थांबला. "कसली?"

"तुम्ही वारलात ना..."

"कधी?" तांबे सर म्हणाले. "मला कोणी बोललं नाही."

मग मी सगळं सांगितलं. सर शांतपणे कोनावरची माती झटकत होते. "तुम्हीच म्हणालात, मैदानाकडे बघा. रोज बघतो. मांडून ठेवतो आणि पोरं यायच्या आत निघतो, नातवाची शाळेची बस असते."

"आणि ती शिट्टी?"

"कुत्री हाकलायला."

रविवारी सर साइडलाइनवर येऊन उभे राहिले. पोरांना मी आधी सांगणार होतो. सांगणारच होतो. पोरांनी सरांना पाहिलं आणि पूर्ण मॅच त्यांच्या बाजूला एकही जण फिरकला नाही. सगळा खेळ पलीकडच्या कडेने, जीव खाऊन. जिंकलो. कॅप्टनने आधी सरांची सावली बघितली, मग पाया पडला.

कमिटी कोपऱ्यात बोलत होती. मला वाटलं, आपला सत्कारबित्कार ठरतोय. तेवढ्यात सर माझ्याकडे आले.

"सेक्रेटरी, मला परत घेतलंय. तुम्हाला काढलंय. सांगायचं काम माझ्याकडे दिलं. उद्यापासून येऊ नका."

संपलं. एका दमात. इतकं सोपं असतं हे, मला कळलंच नव्हतं.

तेव्हापासून बायकोला अगदी असंच सांगायचा प्रयत्न करतोय. जमलेलं नाही. रोज सकाळी ट्रॅकसूट घालून घरातून निघतो, तिला वाटतं प्रॅक्टिसला. म्हणून तर तुमच्याकडे येऊन बसतो.