बाईंच्या वहीतली खोडलेली ओळ

पाखरंवाल्या बाई कुजबुजत बोलायच्या. कोल्हापूरच्या आमच्या कसबा बावड्यात हे नवलच होतं. इथं शेजारणीला चहाला हाक मारली तरी तिसऱ्या गल्लीला ऐकू जातं. बाई भाजीवालीशीही हळू बोलत, आणि भाजीवाली मोठ्यानं विचारायची, "बाई, घसा बसलाय व्हय?" त्या हसून म्हणत, "तीस वर्षं शाळेत ओरडले. आता ज्यांना ओरडलेलं चालत नाही त्यांच्यात राहते."

मी त्यांच्याकडं स्वयंपाकाला होते. मी लहानपणापासून अबोल. लग्नानंतर सासूबाई आल्यागेल्यासमोर म्हणायच्या, "हिला तोंड हाय का न्हाय, देवालाच ठाव." बाईंकडं पहिल्या दिवशी मी सकाळभर काम केलं आणि चार शब्दही बोलले नाही. जाताना चप्पल घालत होते तर त्या म्हणाल्या, "अक्काताई, तू सोबतीला फार चांगली आहेस." माझ्या न बोलण्याला कुणी चांगलं म्हणायची ती पहिलीच वेळ.

त्यांची एक खोड होती. कुठलंही काम चाललेलं असो, मधेच हात वर करून त्या म्हणायच्या, "थांब. हलू नकोस." मग त्या खिडकीतून बाहेर बघत आणि मी जिथल्या तिथं उभी. तव्यावर भाकरी असली तर ती करपायची. जेवताना मी चांगली भाकरी त्यांच्या ताटात वाढायला गेले की त्या हात आडवा धरत. "करपली ती माझ्यामुळं. मीच खाणार." त्यांच्याकडं मी नऊ वर्षं होते. करपलेली भाकरी त्यांनी मला एकदाही खाऊ दिली नाही.

त्यांची एक जाड वही होती, कापडी पुठ्ठ्याची. पहिल्यांदा दिसलेला प्रत्येक पक्षी त्यात एका ओळीत लिहिलेला. पण वहीला कायदा होता. पक्ष्याच्या तीन खुणा स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्या तरच लिहायचं. चोच, पोट, शेपूट, पायांचा रंग, काहीही, पण तीन. दुसऱ्यानं सांगितलेली खूण धरायची नाही. एकदा त्या दहाबारा जणांबरोबर कळंब्याच्या तळ्यावर गेल्या होत्या. कुठलासा दुर्मीळ पक्षी सगळ्यांना दिसला. बाईंना त्याची उडती पाठ तेवढी दिसली. घरी आल्यावर मी विचारलं, "लिवला का न्हाय बाई?" त्या म्हणाल्या, "त्यांच्या वहीत ते लिहितील. माझ्या वहीत दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही."

मग त्यांच्या डाव्या डोळ्यात मधोमध काळा डाग आला. एके दिवशी मी आजऱ्याचा तांदूळ निवडत बसले होते. त्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, उजवाही त्याच वाटेनं जाईल. वर्ष, दोन वर्षं." मी खडे काढत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "शेवग्यावर काय बसलंय?" मी मान वळवून पाहिलं. "दोन बुलबुल. एकाची शेपटी तुटकी हाय." त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, की त्यांना कच्छच्या वाळवंटात जायचं आहे आणि तिथून अबूच्या डोंगरावर. पक्षी बघणारी बाकीची मंडळी भराभर चालतात, त्यांच्या पायात घोटाळायला नको. त्यांना मी हवी होते. अबूला हिरवी मुनिया असते, चिमणीपेक्षा लहान. तिच्यासाठी त्या आधी दोनदा जाऊन हात हलवत परत आल्या होत्या. "ही तिसरी खेप," त्या म्हणाल्या. "चौथी होणार नाही."

घरी सांगितलं तर मालक जेवता जेवता थांबले. "पाखरं बघाय रेल्वेनं जायाचं? बावड्यातली पाखरं मेली व्हय?" सासूबाई मात्र म्हणाल्या, "जाऊ दे की. बाईंनी आपल्या पोरींच्या शाळेच्या फॉर्मांवर सह्या केल्यात. तवा न्हाय इचारलंस." मालक दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कानटोपी घेऊन आले.

निघेपर्यंत बाईंना उजव्या डोळ्यानंही धूसर दिसायला लागलं होतं. कच्छात मला आधी काहीच दिसलं नाही. सपाट, पांढुरकी जमीन, त्यावर काटेरी झुडपं आणि वारा. भुजहून एक जीपवाला घेतला होता. त्याला पाखरं ठाऊक होती. एका गावाबाहेर पिलूची झुडपं होती. तिथं हिवाळ्यात फार लांबून एक पक्षी येतो, त्याचं नाव बाई हिपोकोलिअस असं सांगत. मला ते नाव म्हणता येईना. मी त्याला मनात 'चष्मेवाला' म्हणायचे, कारण पुस्तकातल्या चित्रात राखी अंगावर डोळ्यांभोवती काळा पट्टा होता.

उन्हं वर आली आणि तो दिसला. झुडपाच्या आत, राखी, लांब शेपटीचा, शेपटीचं टोक काळं. जीपवाल्यानं हळूच बोट केलं. बाईंनी दुर्बीण लावली. मी दुर्बिणीच्या तोंडाकडं पाहिलं तर ती एक झुडूप सोडून उजवीकडं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "दिसला. राखी आहे. लांब आहे. टोकाला काळा. हाच ना गं?" आवाज लहान पोरीसारखा झाला होता. मी म्हणाले, "व्हय बाई. त्योच."

बाईंनी दुर्बीण खाली घेतली आणि हात जोडले. नवा पक्षी दिसला की त्या त्याला नमस्कार करायच्या. जीपच्या बॉनेटवर वही ठेवून, डोळ्यांजवळ नेऊन नेऊन त्यांनी ओळ लिहिली. मी पाण्याची बाटली धरून उभी होते. आयुष्यभर मी बोलले नाही म्हणून बोलणी खाल्ली. त्या दिवशी बोलले आणि ते खोटं निघालं.

त्याच जीपनं आम्ही अबूला गेलो. तिथं दोन सकाळी मुनिया दिसली नाही. थंडी अशी, की चहाचा पेला दोन्ही हातांत धरूनही बोटं वळेनात. तिसऱ्या दिवशी वस्तीच्या वर, डोंगरउतारावर एक छोटं शेत होतं, त्याला दगडी बांध. बांधाच्या टोकाला घाणेरीचं झुडूप. त्याच्या पायथ्याशी मला गवत हललेलं दिसलं. वारा नव्हता.

"बाई," मी म्हणाले, "थांबा. हलू नका."

त्या थांबल्या. पाच मुनिया होत्या, गवताचं बी टिपत होत्या. इतक्या जवळ, की दुर्बीण नसती तरी चाललं असतं. मी त्यांना बांध सांगितला, झुडूप सांगितलं, मोकळी जागा सांगितली. त्यांचा खांदा धरून दुर्बीण नीट त्या जागेवर वळवली. बाई बघत राहिल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही. मुनिया सावकाश खात होत्या, कुणाची घाई नव्हती.

मग त्यांनी दुर्बीण खाली केली. "हिरवं दिसतंय," त्या म्हणाल्या. "सगळंच हिरवं दिसतंय. खुणा नाहीत. मला नाही दिसली अक्काताई."

जीपवाल्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, "मॅडम, लिख लो ना. सामने ही तो बैठी हैं."

"नाही भाई," बाई म्हणाल्या.

समोर मुनिया बसलेल्या, दोनदा हुकलेल्या, आणि ही बाई त्या लिहायला तयार नाही. आणि तिच्याच वहीत माझं खोटं बसलेलं. मला ते पोटात ठेवता येईना. मी तिथंच सांगून टाकलं, "बाई, कच्छात तुमची दुर्बीण चुकली होती. त्यो तिथं नव्हता. मी उगं व्हय म्हनले."

बाईंनी एवढंच विचारलं, "मग मी काय पाहिलं?"

"फांदी. वाळकी फांदी होती, राखी. टोक जळकं."

"म्हणजे मी फांदीला हात जोडले," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. उतरताना त्यांनी माझा हातही धरला नाही. काठी टेकत, चाचपडत एकट्या उतरल्या. मी मागून चालले. मला वाटलं, आता कोल्हापूरला गेल्यावर कामावरून काढतील, आणि काढलं तर ते बरोबरच होईल.

जेवणानंतर त्यांनी वही काढली आणि मला पट्टी धरायला सांगितली. त्यांना ओळ सापडेना. मी त्यांचं बोट नेऊन त्या ओळीवर ठेवलं. पट्टीला लावून त्यांनी ती सरळ खोडली. त्या सबंध वहीत खोडलेली तेवढी एकच ओळ आहे. पेनाला टोपण घालून त्या म्हणाल्या, "माझी कीव येऊन मला काही दाखवू नकोस. दिसत नाही हे मला सोसेल. तू खोटं सांगशील असं वाटलं तर मग मी कुणाच्या डोळ्यांनी बघू?"

संध्याकाळी बाजारातून त्यांनी शंभर पानी वही घेतली, वर मोराचं चित्र. माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "मुनिया तू पाहिलीस. लिही."

"बाई, मी चौथी शिकलेय."

"चौथीत खुणा लिहिता येतात. शुद्धलेखन नंतर बघू."

मला ते लिहायला तास लागला असेल. पाठ कच्च्या कैरीसारखी. पोट हळदीचं. कुशीला काळे पांढरे पट्टे, लुगड्याच्या काठासारखे. चोच लाल, जोंधळ्याच्या दाण्याएवढी. मग बाईंनी ते मला वाचायला लावलं. मी कुणासमोर मोठ्यानं वाचलं ते शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "आता कळलं कशी असते ती," त्या म्हणाल्या. "पण ती तुझी. माझ्या वहीत यायची नाही."

त्यानंतर दोन वर्षांत त्यांचा उजवा डोळाही गेला. त्या पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बसत आणि मी आतबाहेर करताना जे दिसेल ते सांगे. नाव सांगितलं की चिडायच्या. "नाव नको, खुणा सांग. नाव मी सांगते." मी खुणा सांगे, त्या नाव सांगत, आणि मी ते वहीत लिही. माझ्या वहीतली सगळी नावं त्यांनी दिलेली आहेत.

गेल्या वर्षी त्यांची भाची त्यांना पुण्याला घेऊन गेली. निघताना दुर्बीण माझ्या गळ्यात घालून, पक्ष्यांचं पुस्तक हातात देऊन त्या म्हणाल्या, "रविवारी फोन कर. गप्प बसू नकोस, फोनवर गप्प बसलेलं कळत नाही." मी दर रविवारी करत होते. पावसाळा संपता संपता एका रविवारी फोन भाचीनं उचलला. बाई आदल्या दिवशी गेल्या होत्या. मी त्या आठवड्याच्या खुणा कागदावर लिहून ठेवल्या होत्या. तो कागद वहीतच आहे.

आता गेल्या महिन्यात साखर कारखान्यामागच्या उसाच्या कडेला मी एक पक्षी पाहिला. पूर्वी कधी न पाहिलेला. पाठ मातकट, छातीवर तांबूस ठिपके, डोळ्यावर पांढरी भुवई, बसला की शेपटी वरखाली. पाचसात मिनिटं तरी बघितला असेल. घरी येऊन बाईंच्या पुस्तकात शोधलं. दोन चित्रं जुळत होती. त्यातलं एक जास्त जुळत होतं, आणि ते नाव लिहायला माझा हात गेलाही होता.

मग मी खुणा लिहिल्या. चार दिसल्या होत्या, चारही लिहिल्या. नावाची जागा कोरी ठेवली आहे.