दाढेची टोपी

मराठीत ‘टोपी घालणे’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत. एक सरळ, डोक्यावर टोपी चढवणे. दुसरा, फसवणे. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या दंतवैद्य बाईंना हा दुसरा अर्थ ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. त्या कन्नड बोलणाऱ्या, वयाने आमच्या मुलीएवढ्या. आमच्यासारख्या रुग्णांशी बोलायला उपयोगी पडावेत म्हणून त्यांनी हौसेने थोडे मराठी शब्द जमवले होते. माझ्या पत्नीच्या उजवीकडल्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल पुरे झाले, तेव्हा हातमोजे काढता काढता त्या म्हणाल्या, “झालं अम्मा. आता टोपी घालायची.”

“कोणाला?” मी विचारले.

पत्नीचा अर्धा जबडा बधिर होता, तरी उरलेल्या अर्ध्याने ती हसली. डॉक्टरही हसल्या, पण का हसायचे ते न कळता. मग मी त्यांना दुसरा अर्थ समजावून सांगितला. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे समजावून सांगण्याची संधी मी सोडत नाही. “अय्यो, तसं नाही सर,” असे म्हणून त्यांनी टोपी का हवी ते सांगायला सुरुवात केली. मी मान हलवत होतो. मनात मात्र हा विनोद आता कुणाकुणाला सांगता येईल याचा विचार चालला होता. त्यांचे बोलणे संपले तसे मी म्हणालो, “सरी, बरं, डॉक्टर. दिवाळीनंतर बघू.”

दाढ पत्नीची होती, आणि तिला मी विचारले नाही. तिनेही काही म्हटले नाही. घर कोठे घ्यायचे, मुलीला कोणत्या शाखेला घालायचे, असे निर्णय मी बोलून टाकायचे आणि तिने ते निभावायचे, ही आमच्या घरातली जुनी वहिवाट. जिना उतरताना ती एवढेच म्हणाली, “दुखायचं थांबलंय खरं.” मला तेवढा आधार पुरेसा वाटला.

डॉक्टरांनी त्या दिवशी जे सांगितले, ते मला त्यांच्याआधी ठाऊक असायला हवे होते. कोल्हापुरात आमच्या मराठी शाळेत पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा अशी घोकंपट्टी झाली होती. पुढे इथल्या मुलांना तेच मी इंग्रजीतून शिकवले, फळ्यावर दाढेचा उभा छेद काढून. वरचे पांढरे कवच म्हणजे दंतवल्क. ते शरीरातल्या सर्वांत कठीण पदार्थाचे असले तरी ठिसूळ असते. त्याच्या आत दंतिन, आणि अगदी आत मज्जातंतू व रक्तवाहिन्यांचा मऊ गर. कीड गरापर्यंत पोचली की रूट कॅनालमध्ये तो गर काढून टाकतात आणि रिकामे झालेले कालवे भरतात. दुखणे थांबते, कारण दुखणे कळवणारा मज्जातंतूच उरत नाही. कीड खरवडताना आणि आत शिरायला वाट करताना दाढेचा मधला पुष्कळ भाग गेलेला असतो. उभ्या राहतात चार पातळ भिंती आणि मध्ये भरलेले सिमेंट. समोरची दाढ घासावर दाबली गेली की हा दाब पाचरीसारखा आत शिरतो आणि भिंतींना बाहेर रेटतो. टोपी, म्हणजे क्राउन, त्या भिंतींना चहूकडून कवळून धरते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात, ती चाकाचे तुकडे अलग होऊ देत नाही. हे काम तसेच आहे. दाब एका भिंतीवर न पडता सगळ्या दाढेवर वाटला जातो. टोपी नसलेली दाढ कित्येक दिवस काही तक्रार करत नाही. करणार कशी? तक्रार करणारे आत कोणी राहिलेले नसते.

हे सारे मी कुणालाही नीट समजावून सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी विनोद सांगत फिरलो.

मराठी मंडळाच्या गणपतीत तो चांगला रंगला. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टोपी घालते. म्हटलं, बाई, या वयात आम्हाला टोपी घालून घ्यायची नाही!” मंडळी हसली, पत्नीही हसली. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी, पुण्याहून नुकतीच आलेली एक मुलगी प्रसादाची वाटी हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, “काका, जोक भारी आहे, पण रूट कॅनालनंतर कॅप मस्ट असते हं. माझ्या बाबांची दाढ अशीच क्रॅक झाली होती. काकूंची स्किप नका करू.”

“तुझी काकू अजून मलाच चावून खाते,” मी म्हणालो, “दाढ शाबूत आहे!”

पुन्हा हशा झाला. मुलगी ओशाळून हसली आणि वाटीतला मोदक खाऊ लागली. मला तिचा चेहरा अजून आठवतो. खरे तेच सांगितले म्हणून मी तिला सगळ्यांसमोर गप्प बसवले होते.

दिवाळी आली आणि गेली. डॉक्टरांकडून एकदा आठवणीचा संदेश आला. मी तो वाचला आणि दाढ दुखत नाही ना, एवढे पत्नीला विचारले. ती नाही म्हणाली. ते खरेच होते.

संक्रांतीला शेजारच्या अक्का एळ्ळु-बेल्ला घेऊन आल्या. इथे तीळ, गूळ, सुक्या खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे एकत्र करून वाटतात, तो हा तिळगुळाचा कन्नड भाऊ. पत्नी पानावर बसल्याबसल्या त्यातले थोडे तोंडात टाकत होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो. कडक सुपारी फुटावी तसा आवाज झाला. मला वाटले, गुळाचा खडा असेल.

“अहो,” ती म्हणाली, “हे गुळाचं नाही वाटत.”

तिच्या तळहातावर पिवळट करडा, एका बाजूने चकचकीत असा तुकडा होता. मी चष्मा सावरून तो उजेडात धरला. “हे बघ,” मी म्हणालो, “ही चकाकी दिसते ना, हे दंतवल्क. आणि ही आतली मातकट बाजू म्हणजे...”

“शिकवू नका आता,” ती म्हणाली. “डॉक्टरांना फोन करा.”

इतक्या वर्षांत असा आवाज मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. फोन मीच केला. काय झाले ते सांगताना दोनदा अडखळलो. दाढेची आतली, जिभेकडची भिंत तुटली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर बोट ठेवून सांगितले, “भिंत गेली, त्याचं एवढं काही नाही सर. तडा खाली मुळापर्यंत उतरला असेल, तर मात्र दाढ काढावी लागेल. एक्स-रेत ते नक्की कळत नाही. हिरडी बाजूला करून बघते.”

आदल्या खेपेला काम चालले असताना मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. या वेळी खुर्चीजवळ उभे राहायची परवानगी मागितली. पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. छतावरच्या दिव्याकडे पाहत तिने तोंड उघडले.

दाढेत मज्जातंतू नसले तरी हिरडीत असतात. इंजेक्शन पुरते भिनायच्या आत तपासायची सुई कुठे तरी लागली असावी. पत्नीने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि उघड्या तोंडाने म्हणाली, “हळू, हळू!”

“हौदु अम्मा, हल्लु, हल्लु,” डॉक्टर प्रेमाने म्हणाल्या आणि काम करत राहिल्या. कन्नडमध्ये हल्लु म्हणजे दात. बिचाऱ्या तिला दिलासा देत होत्या की होय, दातच बघतेय.

“हळू!”

“हौदु, हल्ले नोडतिद्दीनि.”

पत्नीला कन्नड माझ्यापेक्षा चांगले येते. भाजीवाल्याशी, शेजारणीशी ती कन्नडमध्ये भांडूही शकते. दुखले तेव्हा मात्र तिच्या तोंडी मराठीच आली. हा दुसरा विनोद तर पहिल्याहून सरस होता. माझ्या ओठांवर तो आलाही, आणि त्याच क्षणी मला स्वतःची किळस आली.

“डॉक्टर, थांबा,” मी म्हणालो. “ती दात म्हणत नाही. मराठीत हळू म्हणजे मेल्लगे. तिला दुखतंय.”

डॉक्टरांनी हात झटकन मागे घेतला. “अय्यो! सॉरी अम्मा, सॉरी.” त्यांनी आणखी औषध दिले आणि ते भिनेपर्यंत वाट पाहिली. मग बराच वेळ आरसा, सुई आणि दिवा एवढ्यांचेच काम चालले. मी भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे पाहत उभा होतो. शाळेत मी काढत असे तसेच ते होते. त्यातली मुळे शाबूत होती, पण त्या चित्रावरून मला काहीच कळणार नव्हते.

“मूळ चांगलं आहे,” शेवटी डॉक्टर म्हणाल्या. “तडा हिरडीच्या जरा खाली थांबलाय. दाढ राहील.”

मी तिथेच स्टुलावर बसलो.

आधी झाले असते तर सोपे झाले असते, ते काम आता लांबले. तुटलेली कड उघडी पडावी म्हणून हिरडी थोडी कापावी लागली. ती भरून आल्यावर कालव्यात बारीक खुंटी बसवून तिच्यावर नवा गाभा बांधला. मग दाढ चहूबाजूंनी तासून तिचे माप घेतले, आणि प्रयोगशाळेतून खरी टोपी येईपर्यंत तात्पुरती चढवली. दुसऱ्याच्या तोंडात जे कापले-तासले जाते, त्याचा ओरखडाही आपल्या अंगावर उमटत नाही, याचे त्या आठवड्यांत मला फार वाटले. मी तिला गुरगुट्या भात करून वाढू लागलो. चार दिवस तिने तो मुकाट्याने खाल्ला.

“मी आजारी नाही,” पाचव्या दिवशी ती म्हणाली. “आणि तुम्ही मीठ विसरता.”

“माझ्यामुळे झालं हे.”

“हो,” ती म्हणाली. “मीही हसले होते ना तेव्हा. पण मला विचारलं असतंत, तर मी घालून घेतली असती टोपी. मला मनातून भीती वाटत होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बघू म्हणालात ना.”

मी उठून मिठाची बरणी आणली.

टोपी बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी ती आधी नुसती चढवून पाहिली. दातांच्या रंगाशी मिळतीजुळती होती. पत्नीनेच रंग निवडताना “जरा पिवळीच द्या, बाकीच्यांना लाज वाटायला नको,” असे बजावले होते. कड हिरडीपाशी नीट मिळते का, हे डॉक्टरांनी सुईने तपासले. तिथे फट राहिली तर आतून पुन्हा कीड लागते, टोपी असली तरी ब्रश चुकवायचा नाही, असे त्यांनी सांगितले. मग दातांमध्ये निळा कागद धरून पत्नीला चावायला लावले. टोपी केसभर जरी उंच असली, तरी सगळा दाब तिच्यावरच येतो.

“सरीना, अम्मा?” डॉक्टरांनी विचारले. बरोबर बसतेय ना?

पत्नीने दात मिटले, उघडले, आणि माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला चांगले ओळखीचे होते. मी हो म्हटले असते, तर ती हो म्हणाली असती आणि तीच टोपी घेऊन घरी आली असती.

“मला काय विचारतेस?” मी म्हणालो. “तोंड तुझं आहे. कसं वाटतं ते तूच सांग.”

तिने पुन्हा चावून पाहिले, सावकाश, या बाजूने आणि त्या बाजूने. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, “सरी इल्ला.” बरोबर नाही.

डॉक्टरांनी निळा ठिपका उमटला होता तिथे टोपी किंचित घासली. पुन्हा कागद, पुन्हा चावणे.

“ईग?” आता?

“इन्नू स्वल्प,” पत्नी म्हणाली. अजून थोडी.

बाहेर पुढचे रुग्ण येऊन बसले होते. मी खुर्चीपासून दूर सरकलो आणि तिला घाई न करता भिंतीपाशी उभा राहिलो. तिने डॉक्टरांना आणखी दोनदा थांबवले.