पाठवणाऱ्याचा पत्ता
पाकिटाच्या ओल्या डिंकाचा वास आला की मला न्यू जर्सीतली ती खिडकी आठवते. ऐंशीनंतरची वर्षं, शिकता शिकता मी कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसात अर्धवेळ काम करायचो. एक वयस्कर लेबनीज गृहस्थ, आमच्याकडे अर्ज केलेल्या त्यांच्या विद्यार्थिनीची मार्कशीट घेऊन आले. अर्जाची मुदत संपायला चार दिवस होते. ऑफिसातल्या मराठी काकू मला म्हणाल्या, "हातात घेऊ नकोस रे. थेट युनिव्हर्सिटीकडून पोस्टानेच यायला हवी, रूल आहे." मी त्या गृहस्थांना तसं सांगितलं. "रजिस्ट्रार मीच," ते म्हणाले. "लढाईमुळे आमची युनिव्हर्सिटी दोन गावं फिरली. आता इथे आहे." आणि कोटाच्या खिशातून त्यांनी शिक्का काढला. मार्कशीटवर उमटवला, ती पाकिटात घातली, पाकीट जिभेने चिकटवलं आणि समोरच्या पोस्टाच्या पेटीत टाकलं. मी काचेतून बघत होतो. तिसऱ्या दिवशी पाकीट आलं. पाठवणाऱ्याच्या जागी युनिव्हर्सिटीचं लांबलचक नाव, त्याखाली आमच्याच गावातलं 'अपार्टमेंट थ्री-बी'. "बघ, आलं की नाही नियमात?" काकू म्हणाल्या. मी आवक-नोंदीचा शिक्का मारला आणि जेवायला गेलो. काहीच वाटलं नाही. काय वाटायला हवं होतं, ते आजही सांगता येत नाही. पाकिटं मात्र मी तेव्हापासून जिभेने नाही, पाण्याने चिकटवतो.