विठाबाईंच्या तीन वाट्या

विठाबाईंची कडक भाकरी आमच्या सात रस्ता चौकापासून मंगळवेढ्यापर्यंत जाते. ती नीट जमली का हे बघायची त्यांची एकच रीत. तुकडा आमटीत टाकायचा आणि बोटांवर मोजायचं. विसाच्या आत मऊ पडली तर पास. या परीक्षेतून त्यांच्या दोन्ही सुना सुटल्या नाहीत, तिथं माझ्या औषधाच्या दुकानाची काय कथा!

त्यांचे यजमान हणमंतकाका गुडघ्यांनी बेजार. डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहून दिल्या, त्या मीच दिल्या. मागच्या महिन्यात एका दुपारी, दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं असताना विठाबाई मावशींनी काउंटरवर पाण्याच्या तीन स्टीलच्या वाट्या आदळल्या, एकेकीत एकेक गोळी टाकलेली.

"ही पांढरी धा मोजस्तवर इरगळली. ही लाल, चार भाकऱ्या थापून हुईस्तवर. आन् ही पिवळी? सकाळधरनं हाय तशीच! दगड इकतोस व्हय रं सोमशेखर?"

गिऱ्हाईकं माझ्याकडं बघायला लागली. माझं डोकंच फिरलं. वीस वर्षांत खोटा माल ठेवला नाही मी!

"काकांना देताय ना पण?" मी विचारलं.

"आट दिस झालं, पयल्यांदा वाटीत टाकून बघितली तवाच ही पिवळी बंद केली. बसल्या जागचं उटंना झाल्यात."

माझा राग तिथंच गळाला. ती पिवळीच तर दुखण्यावरची गोळी होती.

मी शेजारच्या सरबतवाल्याकडून लिंबू आणलं. एका वाटीत लिंबाचं पाणी केलं, दुसरीत खायचा सोडा कालवला आणि दोन्हींत एकेक नवी पिवळी गोळी टाकली.

"मावशी, आंबट पाणी म्हणजे जठर. ही तिथं फुटली तर आग पाडते, म्हणून तिला वरून लेप दिलाय. सोड्याची वाटी म्हणजे पुढचं आतडं. मोजा आता."

मावशी स्टूल ओढून बसल्या. गिऱ्हाईकंही हलेनात. चहा मागवावा लागला. शंभराचे हजार झाले, मावशींची बोटं दमली. शेवटी सोड्यातल्या गोळीचा लेप सुटला आणि तळाशी गाळ बसला. लिंबातली ठणठणीत.

"अगं बया! लई शानी हाय की ही! आन् मी आज खलबत्त्यात कुटनार हुते."

मी कपाळावर हात मारला. "कुटू नका! जेवल्यावर अख्खी द्या."

दहा दिवसांनी हणमंतकाका भाकऱ्यांचं पुडकं काखेत धरून दुकानाच्या पायऱ्या चढत आले, कुणाचा हात न धरता. मला इतका आनंद झाला की गिऱ्हाईकाला सोडून मी पुढं धावलो. मावशी खाली रस्त्यावरच उभ्या होत्या, बोटांवर मोजत. एक, दोन, तीन.

"पास!" त्या ओरडल्या, आणि पदरानं डोळे पुसले.