मुका झालेला कम्प्युटर

परदेशातल्या आमच्या शहरात, अवोन्डेल भागातल्या रविवारच्या बाजारात ओल्या कोथिंबिरीचा वास आला की मला ती सकाळ आठवते. तेव्हा मी एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, हौस म्हणून, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरची पॅकेजेस, म्हणजे थेट कम्प्युटरवर बसवता येतील असे तयार संच, बनवायचो. त्यातलं एक सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवायचं. जवळच्याच हिल्सबरो भागातल्या, ओळखीच्या एका काकूंची दृष्टी गेली होती, त्या त्यावरच रोज बातम्या ऐकायच्या. नवी आवृत्ती आली तेव्हा मी घाईघाईत पॅकेज बांधलं, 'चाचणी केली' असं लिहिलं आणि सगळ्यांच्या कम्प्युटरवर पाठवून दिलं. चाचणी मी केलीच नव्हती. त्या रविवारी भाजीच्या गर्दीत काकूंनी माझा आवाज ओळखून हाक मारली. "अरे, मी काहीतरी चुकीचं दाबलं बघ. चार दिवस झाले, कम्प्युटर मुका आहे. तुला कशाला त्रास, म्हणून फोन नाही केला." मी तसाच त्यांच्या घरी गेलो. मराठी आवाजाची फाईल पॅकेजमध्ये घालायलाच मी विसरलो होतो. दहा मिनिटांत आवाज परत आला, तशा काकू लहान मुलीसारख्या हसल्या आणि नातीला म्हणाल्या, "बघ, किती हुशार आहे हा!" ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "स्वीट ॲज, आजी," म्हणजे एकदम झकास. माझे कान तापले. चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं, "होतं असं कधीकधी, काकू. पुढच्या वेळी जरा जपून दाबा." आता मी प्रत्येक पॅकेज स्वतः चालवून बघतो. काकू मात्र अपडेट आलं की अजूनही कम्प्युटरला हात लावत नाहीत. आधी फोन करून माझी परवानगी मागतात.