आधी काटा हलला

डॉक्टर सगळ्यांत आधी चप्पल हिसकावून घेत. रस्त्यात कुणाला फेफरं आलं की आपल्याकडे चार माणसं धावतात आणि त्यातला एक जण हमखास पायातली चप्पल काढून रोग्याच्या नाकाला लावतो. तुम्हीही पाहिलं असेल, कदाचित लावलीही असेल. डॉक्टर ती हिसकावून गटारात फेकत आणि ओरडत, “भूत नाही रे, वीज आहे! डोक्यातली वीज!” मग शिवीगाळ होई. एकदा मिरज स्टेशनासमोर एका हमालानं त्यांच्या थोबाडीत ठेवून दिली. चप्पल नवी होती.

तेव्हा सतारवाल्यांच्या ओळीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुसरी मोठी लढाई चालू होती, रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह मिळत नव्हते, आणि हा गृहस्थ माझे उरलेसुरले व्हॉल्व्ह उचलून नेई. विलायतेत शिकताना त्यांनी मेंदूतली वीज कागदावर उतरवणारं यंत्र पाहिलं होतं. तसलंच आपल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत उभं करायचं आणि फेफऱ्यात डोक्यात काय होतं ते टिपायचं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. कपाळाला लावायच्या चांदीच्या चकत्या त्यांनी सोनाराकडून घडवून घेतल्या, तर सोनार विचारी, “डाक्तर, टिकल्या कुनासाठी म्हनायच्या?” शेवटी यंत्र झालं. पण शेजारची विजेवरची पिठाची गिरणी सुरू झाली की काजळी धरलेल्या कागदावर काटा नुसता थयथयाट करी. डॉक्टर दळणाच्या बायकांत घुसून ओरडत, “बंद करा ती गिरणी! मला माणसाचं डोकं ऐकू येत नाही!”

एकदा तासगावकडचा एक शिपाई, पलटणीतून रजेवर आलेला, बायकोला घेऊन आला. पोरगी विशीची असेल. तिला फेफरं येई. तिच्या पाठीवर तापल्या विळ्याचे डाग होते, काही वाळलेले, दोन अजून ओले. अंगातलं जावं म्हणून सासऱ्यानं दिलेले. मी यंत्राच्या तारा जोडायला तिथंच होतो. डॉक्टरांनी भिंतीवर मूठ आपटली.

“आवं, आबा म्हनत्यात, आता पडली तर कपाळावर देनार,” शिपाई खाली बघत म्हणाला.

डॉक्टरांनी तिच्या कपाळाला चकत्या बांधल्या. काटा सावकाश रेघ ओढत होता. एकाएकी तो उसळला आणि कागद फाडायला लागला. पोरगी अजून शांत बसून माझ्याकडे बघत होती. मग ती किंचाळून कोसळली, हातपाय आपटायला लागली, तोंडातून रक्ताळलेला फेस आला. डॉक्टर तिला कुशीवर वळवत होते तोच शिपायानं लोखंडी स्टूल उचललं. पहिला घाव यंत्रावर बसला, दुसरा डॉक्टरांच्या तोंडावर. काचा माझ्या केसांत उडाल्या.

“आदी ह्यो काटा नाचला, मंग ती पडली! तूच घातलंस तिच्यात!”

डॉक्टरांचे दोन दात पडले होते. रक्त थुंकत त्यांनी त्याची कॉलर धरली, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण ते हसत होते. “पुन्हा सांग! आधी काय झालं?”

“आदी काटा!”

“मग काट्याला भूत झोंबलं होय रे? तिच्या डोक्यात वीज कडाडली, ती काट्याला आधी कळली!”

गड्याला काही पटलं नाही. पटलं ते दुपारी. यंत्राचा चुराडा जमिनीवर पडला होता, एक तार धड नव्हती, आणि त्याच खोलीत ती पुन्हा पडली. त्यानं चुराड्यातला वाकलेला काटा उचलून पाहिला, फेकून दिला आणि स्वतःच तिला कुशीवर वळवलं. डॉक्टरांनी गोळ्या बांधून दिल्या.

थोड्याच दिवसांत शिपायाचा निरोप आला. आबांनी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या, ती पुन्हा पडली, आता ते ऐकत नाहीत. आम्ही प्रवासी सर्व्हिस मोटारीनं त्याच्या गावी गेलो. अंगणात दोन बायकांनी पोरीचे हात धरले होते आणि म्हातारा लाल झालेला विळा घेऊन तिच्यावर वाकला होता. बोलायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी ते पातं उजव्या मुठीत धरलं. मांस चरचरलेलं मी ऐकलं. ते असे ओरडले की गोठ्यातल्या म्हशी उठल्या. आणि शिपायानं बापाला भिंतीवर नेऊन आदळलं.

“म्या डोळ्यानं बगितलंय, आबा! आदी काटा हालला! तिच्या डोस्क्यातलं दुखनं हाय ते, भूत न्हाई! पुन्यांदा विळा तापवलासा तर हात मोडीन!”

तिला पुन्हा डाग बसला नाही. यंत्रही पुन्हा झालं नाही. डॉक्टरांची बोटं आखडली ती कायमची, बारीक तार त्यांत ठरत नसे. तरी मरेपर्यंत माझ्याकडे येऊन व्हॉल्व्ह आले का म्हणून विचारत. आता मोठ्या शहरांत तसली यंत्रं आली म्हणतात. मला आनंद होतो आणि संतापही येतो.

त्यांची आठवण निघाली की मला ते अंगणच दिसतं. डॉक्टर हात धरून कण्हत होते, सगळ्या घराला शिव्या देत होते. कुणी म्हणे शाई लावा, कुणी म्हणे चिखल. ती पोरगी उठली, कोरफडीचं पान चिरून घेऊन आली, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि फुंकर घालत गर लावायला लागली.

“तीन-चार दिस लय आग व्हईल, डाक्तर,” ती म्हणाली. “मंग कमी हुती. मला ठावं हाय.”