आतोबा, ज्वारी आणि गाजरगवत

जमिनीच्या वर जे काही घडतं ते सगळं माझ्या आतोबांच्या मते किरकोळ. फुलं, फळं, निवडणुका, क्रिकेट, लग्नकार्यं, सगळं वरवरचं. खरी धामधूम खाली मातीत, मुळांच्या गर्दीत चाललेली असते आणि सगळं जग तिच्याकडे पाठ करून बसलंय, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. आतोबा म्हणजे माझ्या एकुलत्या एक आत्याचे यजमान. बनारसच्या विद्यापीठात शेतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आत्या सांगते, लग्नात अंतरपाट दूर झाला, तिनं लाजत मान वर केली, तर नवरदेव मांडवाला बांधलेल्या केळीच्या बुंध्याकडे टक लावून बघत होता. "मुळासकट आणलीय कुणीतरी," हे त्यांचं तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. पुढचा सगळा संसार याच सुरात झाला, असं ती म्हणते, आणि म्हणताना हसते.

आतोबांचं घराणं ब्रह्मा घाटावरचं, पिढ्यान्‌पिढ्या वेदपठण करणारं. "आमच्याकडे सगळे मूळ संहिता म्हणतात, या चिरंजीवांना नुसतंच मूळ सापडलंय," असं त्यांचे वडील आल्यागेल्याला सांगायचे. चिरंजीवांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा विषय एकच: पिकांची मुळं मातीत काय काय सोडतात आणि त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काय होतं. "माणसं तोंडानं भांडतात, झाडं मुळांनी," ते सांगायला लागायचे, आणि एकदा लागले की थांबायचे नाहीत. ज्वारीचं मूळ असा काही रस पाझरतं की जवळच्या तणाचं बी उगवायलाच कचरतं. मोहरीची तऱ्हा वेगळी, भाताच्या काही जातींची आणखी वेगळी, आणि झेंडूच्या मुळाशी तर जमिनीतल्या बारीक कृमीसुद्धा जपून वागतात. हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आत्ताच कुठेतरी लॉटरी फुटलीय.

बँकेनं माझी बदली बनारसला केली तेव्हा मी त्यांच्याच घरी राहिले. विद्यापीठाच्या मागच्या बाजूला एक वसाहत आहे, निम्मे प्लॉट बांधलेले, निम्मे ओसाड, तिथं. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना घाट दाखवायचं काम आतोबांकडे. संकठा घाटाच्या पायऱ्यांवर एकदा त्यांनी पुण्याच्या एका कुटुंबाला दगडाच्या फटीतलं रोपटं दाखवत ऊन चढेपर्यंत उभं केलं. पाहुण्यांतल्या आजी काकुळतीला आल्या, "अहो, विश्वनाथाचं दर्शन राहील ना!" आतोबा शांतपणे म्हणाले, "विश्वनाथ उद्याही आहेत. हे रोप उद्या कुणी उपटलं म्हणजे?" शेवटी दर्शनाला गेले तर तिथल्या तपासणीत आतोबांच्या पिशवीत खुरपी निघाली. शिपायानं ती उचलून धरली. "बाबा, ई का है?" "खुरपी है, बेटा." "मंदिर में काहे लाए?" "रास्ते में कोई मिल जाए तो?" म्हणजे एखादं रोप. शिपायाचा समज वेगळा झाला, आणि पाहुणे दर्शन घेऊन आले तरी आतोबा बाहेर चौकीत बसून त्या शिपायाला ज्वारीबद्दल सांगत होते. तोही मन लावून ऐकत होता, हे विशेष.

एका रविवारी सकाळी तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं. ओल्या कागदात गुंडाळून ज्वारीचे दाणे त्यांनी आत्याच्या पोळ्यांच्या डब्यात अंधारात ठेवले होते. "या, या, सगळे या! जल्दी!" मी दात घासत धावले, दूधवाला कॅन दारात टाकून आत आला. भिंगातून बघितलं तर काय! पांढऱ्याशुभ्र मुळांवर बारीक लव, आणि तिच्या टोकाटोकांवर सोनेरी तेलकट थेंब. मोजता येऊ नयेत इतके. मी ओरडलेच. दूधवाला म्हणाला, "अरे गुरुजी, ई तो पसीना है!" "पसीना नाही, शस्त्र आहे, शस्त्र!" आतोबा त्याच्याशी मराठीत बोलले, इतके ते हरखले होते. आत्या आली, तिनं भिंगातून बघितलं आणि विचारलं, "पोळ्या कशात ठेवू आता?"

पण ही गंमत एका वर्षी गंमत राहिली नाही. घराला लागून एक ओसाड प्लॉट होता, आणि त्यावर गाजरगवत कमरेएवढं माजायचं. पावसाळ्यानंतर त्याला पांढरी फुलं आली की आत्याच्या हातांवर चट्टे उठत, मग खोकला, मग दम. त्या वर्षी दम इतका लागला की तिला उशा रचून बसवावं लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "या गवतापासून लांब जा." पुण्याहून माझ्या आतेभावाचा फोन आला, "आई, बास झालं काशीवास. दोघं इकडे या." आत्यानं त्या गावात संसार केला होता, शाळेत शिकवलं होतं, तिच्या मैत्रिणी तिथं होत्या. संध्याकाळी ती कपाट आवरायला लागली तेव्हा आतोबा दारात उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "एक पावसाळा दे मला. नाही जमलं तर मी स्वतः तुला पुण्याला घेऊन येतो, आणि तिथंच राहतो." प्लॉटचा मालक लखनौला होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "जो बोना है बोइए, प्रोफेसर साहब, बस मंदिर मत बनाइएगा."

पुढच्या आषाढात आत्याला ब्रह्मा घाटावर तिच्या जावेकडे पाठवलं, आणि मी आणि आतोबा नाकातोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालून प्लॉटवर उतरलो. फूल धरण्याआधी गाजरगवत मुळासकट उपटायचं होतं. प्रत्येक रोप उपटताना आतोबा त्याला दाद देत. "लबाड आहे, पण हुशार. हेसुद्धा आपल्या रसानं दुसऱ्यांना जगू देत नाही. आता बरोबरीचा गडी भेटेल याला." मग दाट ज्वारी पेरली. उगवली, वाढली, आणि काय वाढली! आतोबा सकाळ-संध्याकाळ ओळींमधून ओणवे फिरत आणि आतून आरोळी येई, "इथं काही नाही! इथंही काही नाही!" तण न दिसण्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. वसाहतीतले लोक कुंपणाशी थांबून विचारत, "का खो गया, गुरुजी?"

श्रावण संपता संपता आत्या परतली. प्लॉटच्या कडेनं चालत गेली, आणि टोकाला थबकली. तिथं एक पट्टा ज्वारीशिवाय मोकळा ठेवलेला होता, आणि त्यात गाजरगवत गुडघ्यापर्यंत आलेलं, कळ्यांवर.

"हे काय?"

"तुलनेसाठी," आतोबा उत्साहानं म्हणाले. "ज्वारी असली तर काय आणि नसली तर काय, हे कळायला नको? याच्याशिवाय सिद्ध काय होणार? बघ तरी फरक!"

आत्यानं पदर नाकाला लावला. "माझा श्वास कोंडतोय आणि तुम्ही तुलना करताय?"

एवढंच बोलून ती आत गेली. आतोबा तिथंच उभे राहिले. विद्यापीठात लोक त्यांना हसत आले होते, की कुंडीत सगळं सिद्ध होतं, उघड्या जमिनीवर करून दाखवा. आज उघड्या जमिनीवर, स्वतःच्या दारात, ते करून दाखवत होते. मी म्हटलं, "आतोबा, निदान फोटो काढू या." ते नाही म्हणाले. हातमोजे चढवले आणि तो सगळा पट्टा एकट्यानं उपटला. मला हात लावू दिला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, आता विभागात शिकवणारी, प्लॉट बघायला आली. ज्वारी बघून खूश झाली, मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "पर सर, कंट्रोल कहाँ है?" म्हणजे तुलनेचा पट्टा.

"अंदर चाय बना रही है," आतोबा म्हणाले.

त्या पावसाळ्यानंतर आत्याला दम लागला नाही. थोडी खाज आली, चार शिंका आल्या, बस्स. कपाटातले कपडे कपाटातच राहिले. माझा आनंद पोटात मावेना. मी म्हटलं, "जिंकलात, आतोबा!" त्यांनी मान हलवली. "काय सांगावं? आपण उपटलं, त्याचाही हात असेल. ज्वारीची सावली पडली, तिचाही. मुळांनी किती केलं, कसं म्हणू?" आवाज जरा उतरलेला होता. कणसं भरली तेव्हा आत्यानं हुरडा भाजला. ती मूळची बार्शीकडची. धगधगत्या निखाऱ्यांवरचा हुरडा तळहातावर चोळताना ती इतकी हसत होती की आतोबा आपला हुरडा खायचाच विसरले.

ज्वारी काढल्यावर रिकाम्या जागेत आत्यानं हौसेनं मेथी टाकली. त्याच पुडीतली उरलेली गच्चीवरच्या टबात. टबातली मेथी हिरवीगार, दाट. प्लॉटवरची विरळ, पिवळी, रडतखडत आलेली. आत्या खट्टू होऊन सांगायला लागली आणि आतोबा खुर्चीतून उडालेच. "टबात आली? तेच बी? आणि प्लॉटवर नाही? अगं, ज्वारीची मुळं गेली, पण त्यांनी मागं सोडलेलं अजून तिथं आहे! मला जे मिळत नव्हतं ते तू दिलंस!" लगोलग ते स्वेटर उलटा घालून बाहेर पडले आणि मातीच्या कुल्हडांमधून मलइयो, ती थंडीतली दुधाच्या फेसाची मिठाई, घेऊन आले. दूधवाल्याला दिलं, शेजाऱ्यांना दिलं. आत्या म्हणाली, "माझी मेथी मेली आणि तुम्ही मिठाई वाटताय?" मग त्यांनी प्रामाणिकपणे हेही सांगितलं की ज्वारीनं जमिनीतलं नत्र खाल्लं असेल, टबातली माती वेगळी, एवढ्यानं शास्त्र होत नाही. पण सांगताना मिशीला मलइयोचा फेस लागलेला होता आणि चेहरा काही केल्या आवरत नव्हता. आत्यानं पदरानं तो फेस पुसला. "असू दे. मला पटलंय," ती म्हणाली.

पुढे माझी बदली नागपूरला झाली. प्लॉट विकला गेला, तिथं आता तीन मजली अतिथीगृह आहे, आणि गाजरगवताचा प्रश्न सिमेंटनं कायमचा सोडवला. मागच्या हिवाळ्यात मी चार दिवस बनारसला जाऊन आले. आतोबा थकलेत. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे खाली बसता येत नाही, आणि नजरही अधू झालीय. सकाळी आम्ही तिघं विद्यापीठाच्या शेतांकडे फिरायला गेलो. बांधापाशी ते काठी टेकून थांबले, नुसतेच खाली बघत. साडी सावरून आत्या बांधावर बसली, गव्हातलं एक तण अलगद उपटलं आणि वर धरलं.

"काय दिसतंय?" आतोबांनी विचारलं.

"पांढरी मुळं आहेत. बारीक."

"लव आहे का? टोकाशी बघ. वास कसा येतोय?"

"अहो, सांगते," आत्या म्हणाली, "जरा थांबा, माती झटकू द्या."